वावटळीला धूळ लागते

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी परभणीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. गाव जिंतूर तालुक्यात. दोन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी लिहितेय. तिच्यात एक बेचिराख गाव आहे आणि तिथं दुष्ट आत्म्यांचं एक कुळ राहतं. त्यांना मी 'ओसाडे' म्हणते. ओसाडे बंद दारातून आत येतात, माणसाचा गळा धरतात, कुऱ्हाड चालवतात आणि दिव्याला भितात. वसतिगृहातल्या मैत्रिणीला सहा प्रकरणं वाचून दाखवली. ती म्हणाली, "जो भिंतीतून आरपार जातो तो जमिनीतून खाली का पडत नाही? आणि भिंत त्याला अडवत नाही, तर कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या मुठीत कसा राहतो?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वही बंद आहे. बाकीचे म्हणतात, फँटसीत सगळं चालतं. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "भूत म्हंजे वारं असतंय, त्याला कुठलं आलंय अंग?" ओसाड्यांना अंग द्यावं का देऊ नये?
– एक वाचक, परभणी

उत्तर:

तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. सहा प्रकरणं मन लावून ऐकून नेमक्या जागी बोट ठेवणारी माणसं फार थोडी भेटतात, आणि तुझ्या तर खोलीतच एक राहते. 'फँटसीत सगळं चालतं' म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नकोस. या एका वाक्यापायी थांबलेल्या पुष्कळ वह्या मी पाहिल्यात. वाचक ओसाडा खरा मानायला तयार असतो, पण एकदा मानला की तो हिशेब ठेवायला लागतो. पहिल्या प्रकरणात भिंतीने अडवलं नाही आणि चौथ्यात अडवलं, हे त्याच्या बरोबर ध्यानात राहतं. ओसाड्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे वाचकाला ठाऊक असेल, तरच रात्री कडी हलली की त्याच्या पोटात गोळा येईल. ज्याला काहीही करता येतं त्याच्यापासून लपायचं कुठं, हेच ठरत नाही. मग माणूस लपतच नाही, पान उलटतो.

आता आजींचं. त्या जे बोलल्या त्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, आणि उरलेलं अर्धं तुला रोज दिसतं.

चैत्र-वैशाखात, भर दुपारी, नांगरून पडलेल्या रानात वावटळ उठते ती तू लहानपणापासून पाहिली असशील. आई आम्हाला तेव्हा तोंड फिरवून उभं करायची आणि थुंकायला लावायची. त्यात भूत असतं, म्हणायची. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते, भोवतालची आत धावते, जराशी गिरकी मिळाली की खांब उभा राहतो, हे मी तुला सांगायला नको. लेखक म्हणून मात्र त्या खांबाकडे पुन्हा एकदा बघ. आपल्याला दिसते ती हवा नसतेच. दिसते धूळ, पाचोळा, कडब्याचा चुरा. बांधावरच्या हिरव्या पट्ट्यावरून जाताना वावटळ कधीकधी दिसेनाशी होते आणि पलीकडच्या ढेकळात पुन्हा उभी राहते. मधल्या पाचपन्नास पावलांत ती कुठं गेली होती? तिथंच होती. उचलायला धूळ नव्हती, एवढंच.

तुझा ओसाडा मला असा दिसतो.

हे माझ्या डोक्यातून निघालं असं समजू नकोस. आपल्या भाषेने आणि आपल्या शास्त्रांनी याचा विचार फार आधी करून ठेवलाय. 'भूत' हा शब्दच घे. होऊन गेलेलं ते भूत, म्हणून भूतकाळ. अस्तित्वात आलेलं ते भूत, म्हणून भूतदया. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं. आणि पिंपळावर बसतं तेही भूतच. मेलेल्याला आणि मूलद्रव्याला एकच शब्द वापरणाऱ्या भाषेत तू लिहितेस. तेव्हा 'भूत कशाचं बनलेलं असतं' हा प्रश्न तुझ्या मैत्रिणीने काढला खरा, पण तो शब्दाच्या पोटातच बसलेला होता.

न्यायशास्त्राच्या, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय दर्शनाच्या, पंडितांनी या पाचांची वाटणी फार काटेकोरपणे केली आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वायूची व्याख्या दोन गोष्टींत आटोपते. त्याला रूप नाही आणि स्पर्श आहे. म्हणजे तो दिसत नाही, पण लागतो. आकाशाचा खास गुण फक्त शब्द. तेजाला रूप आहे आणि उष्ण स्पर्श. पाण्याला रूप आहे, थंड स्पर्श आणि त्यावर चव. आणि गंध हा एकट्या पृथ्वीचा. आता यातली एक बारीक गोष्ट भौतिकशास्त्राच्या मुलीला आवडेल. गुरुत्व, म्हणजे पडण्याचं मूळ कारण असलेला जडपणा, हा या मंडळींनी फक्त पृथ्वी आणि पाणी यांनाच दिला आहे. वायूला गुरुत्व नाही. ज्याला गुरुत्व नाही तो पडत नाही, आणि जो पडत नाही त्याला जमिनीने अडवायची गरजच पडत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढं सरळ आहे: ओसाडा जमिनीवर उभाच नसतो.

हवेलाही वजन असतं हे तू म्हणणार. म्हणच, कारण त्यातून पुढचं सापडतं. खोलीतल्या एका घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ किलो. साठ किलोच्या माणसाच्या अंगाने व्यापलेली जागा सुमारे ०.०६ घनमीटर. म्हणजे माणसाएवढ्या आकाराचा, निव्वळ हवेचा ओसाडा भरेल ७० ग्रॅमच्या आसपास, एखाद्या मध्यम कांद्याएवढा. भोवतालच्या हवेत तो तरंगत राहील, हेही तुझ्याच शास्त्राने मान्य केलं. आता त्याच्या हाती दीड किलोची कुऱ्हाड दे आणि न्यूटनचा तिसरा नियम आठव. सत्तर ग्रॅमचा जीव दीड किलोचं लोखंड फिरवायला गेला, तर कुऱ्हाड जागेवरच राहील आणि तोच तिच्याभोवती फिरेल. दुसरा प्रश्नही इथं सुटतो. निव्वळ वाऱ्याच्या ओसाड्याच्या हाती कुऱ्हाड येऊच शकत नाही. त्याने घाव घालावा असं तुला वाटत असेल, तर आधी तो जड झाला पाहिजे.

तो जड कसा होतो, याचं उत्तर ज्याने दिलंय त्याचं नाव लिहून ठेव. विश्वनाथ पंचानन, तोही सतराव्या शतकातलाच. त्याच्या 'न्यायसिद्धांतमुक्तावली'त वायूचं प्रकरण आहे. त्यात तो म्हणतो, वायूचं शरीर असतं, ते योनीतून जन्मत नाही, आणि ते पिशाचांचं असतं. तिथंच तो पुढे सांगतो की पाण्याच्या, तेजाच्या किंवा वायूच्या शरीराला काही भोगायचं असेल तर त्याला पार्थिव भागाचा, म्हणजे थोड्याशा मातीचा, आधार लागतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. आई ज्याच्याकडे पाठ करून थुंकायला सांगायची, तेच हे. वारं आणि त्याने उचललेली धूळ.

आजी याला 'वारं' म्हणतात ते उगीच नाही. अंगात येतं ते वारं. झपाटलेल्या बाईबद्दल लोक म्हणतात तिला वारं लागलं, बाहेरचं लागलं. 'दिसलं' हा शब्द आपल्याकडे क्वचित, 'लागलं', 'धरलं', 'झडपलं' हे नेहमीचे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) पंढरीच्या देवालाच जबर मोठं भूत म्हणणारं भारूड रचलं, त्यातही बाई भूत पाहिल्याचं सांगत नाही, झडपण झाल्याचं सांगते. सगळे शब्द स्पर्शाचे आहेत. तुझ्या सहा प्रकरणांत ओसाडे किती वेळा 'दिसले' आणि किती वेळा 'लागले', हे एकदा मोजून बघ.

आता हे तुझ्या गावात आणू. तू ओसाड्याला भिंतीतून आरपार नेलंस ते काढून टाक. वारं भिंतीतून जात नाही, फटीतून जातं. त्यात तुझा तोटा काहीच नाही. उलट तुझं घर आत्ता जिवंत होईल, कारण आता घरातली प्रत्येक फट महत्त्वाची झाली. माळवदाच्या घरांत तू वाढली असशील किंवा आजोळी पाहिली असतील. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सर आणि किलचनं, त्यावर माती, धूर जायला माळवदात ठेवलेला झरोका, ज्यावर पावसाळ्यात मडकं किंवा पत्रा पालथा घालतात. दाराच्या फळ्यांमधली सांद, कडीच्या कोयंड्याचं भोक, मोरीचं तोंड. तुझी नायिका रात्री या जागा चिंध्यांनी, ओल्या मातीने बुजवत फिरते आणि एक जागा विसरते. आरपार जाणाऱ्या भुतापुढे तिला करण्यासारखं काही नव्हतं. फटीतून येणाऱ्यापुढे ती लढू शकते.

आणि आत आल्यावर तो काय करेल? आत तो फक्त स्पर्श असेल. मानेवर गार झुळूक, पदराचं टोक हललेलं. गळा धरायचा तर बोटं हवीत, बोटांना माती हवी. मग तो घरातली धूळ गोळा करू लागतो. चुलीतली राख, जात्याच्या पाळूत अडकलेलं ज्वारीचं पीठ, भिंतीचे उडालेले पोपडे. हे घडायला वेळ लागला पाहिजे, आणि तो वेळ नायिकेने पाहिला पाहिजे. राखेचा हात आधी, मग खांदा. जसजसा तो भरत जाईल तसतसा तो दिसू लागेल, त्याला वास येऊ लागेल, त्याच्या पावलाने जमीन दबेल. मग त्याने कुऱ्हाड उचलावी, खुशाल उचलावी. पण आता त्याला कोयंड्याच्या भोकातून परत जाता येणार नाही. जड झालेल्याला दार उघडूनच जावं लागेल. ज्या क्षणी तो तिला मारू शकतो, त्याच क्षणापासून तीही त्याला मारू शकते. तुझ्या मैत्रिणीने ज्या जागी दोष दाखवला, तिथंच तुझा सगळ्यात चांगला प्रसंग दडलेला होता.

या बाजूने विचार करायला लागलीस की आजींच्या गोष्टीतली इतरही मंडळी वेगळी दिसायला लागतील. हाकामारी घे. ती रात्री नावाने हाक मारते, ओ दिली की माणूस गेला. तिला अंग नाही, हात नाही, नुसता आवाज. ती आकाशाची. तिच्याबद्दल लिहिताना एकदाही डोळ्यांचं क्रियापद वापरू नये, सगळं कानावर लिहावं. विहिरीतल्या गिऱ्ह्याला आणि आसरांना पाणी सोडून येता येत नाही, तेव्हा कोरड्या दुष्काळाच्या सालात त्यांचं काय होत असेल हा प्रश्न मराठवाड्याच्या लेखकाने विचारायलाच हवा. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जिनांच्या गोष्टी आपल्याकडे घरच्यासारख्या आहेत. कुराणात जिन विस्तवाच्या ज्वाळेपासून घडवल्याचं सांगितलंय. तो तेजाचा, म्हणून तो अंधारातही दिसेल आणि त्याच्याजवळ गेलं की धग लागेल. मी ही जी वाटणी करतेय ती माझी, ती सगळीकडे बसत नाही. पोकळ पाठीची, उलट्या पावलांची हडळ कुठल्या खान्यात घालायची ते मला सापडलेलं नाही. तिला मी तशीच ठेवते. ओल्या रानात घराकडून बाहेर गेलेली पावलं दिसावीत आणि प्रत्यक्षात कोणीतरी घरात शिरलेलं असावं, एवढं तिचं एक चित्र मला पुरतं.

वेताळाची गोष्ट मात्र नीट सांगते, कारण ती आपल्या गोदावरीची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला. त्यातला वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. मसणवटीत झाडाला प्रेत लटकलेलं असतं. राजा वर चढून फास कापतो. प्रेत खाली पडतं आणि लागल्यासारखं ओरडतं. राजाला वाटतं, हा जिवंत आहे. तो खाली उतरून त्याचं अंग चोळतो, तर प्रेत खदाखदा हसतं. या एवढ्याशा प्रसंगात वेताळाचं सगळं शरीरशास्त्र आलंय. त्याला स्वतःचं अंग नाही, त्याने प्रेत घेतलंय. प्रेताला वजन आहे, म्हणून ते पडतं, म्हणून राजाचा खांदा वाकतो. प्रेताला दुखत नाही, दुखण्याचं सोंग त्याच्यातला घेतो. आणि राजा बोलला की वेताळ निसटून पुन्हा झाडावर. सोमदेव कुठंही नियम समजावत बसत नाही. प्रेत पडतं, ओरडतं, हसतं. आपल्याला सगळं कळतं. तूही ओसाड्यांचे नियम पानभर समजावून सांगू नकोस.

त्याच ग्रंथात, सातवाहनाच्या दरबारातून बाहेर पडलेला गुणाढ्य विंध्याच्या रानात काणभूती नावाच्या पिशाचाकडून पिशाचांच्या भाषेत मोठी कथा ऐकतो आणि शाई नाही म्हणून ती आपल्या रक्ताने लिहितो. तो दरबारही पैठणचाच. आपल्याकडे फँटसीची परंपरा नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगत जा.

दिव्याचं तू विचारलं नाहीस, पण ते विचारायला हवं होतं. ओसाडे दिव्याला 'का' भितात, हे तुझ्या पत्रात कुठंच आलेलं नाही. काणभूती गुणाढ्याला सांगतो की सूर्याच्या तेजाने यक्ष, राक्षस, पिशाच दिवसा निष्प्रभ होतात, म्हणून ते रात्री माजतात. ते एक कारण झालं. तुझ्यासाठी दुसरं जास्त जवळचं आहे. महसुलाच्या कागदात ओसाड गावापुढे 'बेचिराख' लिहितात. मूळ फारसी बे-चिराग, दिव्याविना. ज्या गावात एकही दिवा लागत नाही ते बेचिराख. तेव्हा तुझ्या गावात कोणी एक पणती लावली, तर ते गाव त्या रात्रीपुरतं बेचिराख उरत नाही, आणि ओसाड्यांची राहण्याची जागाच जाते. त्यांना उजेड भाजतो की नाही हा प्रश्नच मग उरणार नाही. त्यांना बेघर होण्याची भीती आहे. शिवाय धुळीचं अंग घेतलेल्याला दिवा उघडा पाडतो, ते वेगळंच.

राक्षस आणि आत्मे यांची गल्लत मात्र होऊ देऊ नकोस. राक्षस, असुर हे पहिल्यापासून हाडामांसाचे. त्यांच्या अंगाचा प्रश्न उरत नाही, त्यांच्या अटींचा असतो. वेरूळला गेलीस की अंधकासुरवधाची शिल्पं सावकाश पाहा, तो प्रसंग तिथं एकाहून जास्त ठिकाणी कोरलाय. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीला लागला की त्यातून नवा अंधक उभा राहतो, म्हणून शिवाने एका हातात पात्र धरलंय. रक्त हवेत असताना ते नुसतं रक्तच असतं, मातीला लागलं की असुर होतो. कारागिराने ही अट शब्दाविना सांगितली, एका वाटीने. सोळाव्या लेण्यात कैलास हलवणारा रावणही पाहा. डोंगराखाली दबलेल्या त्या अंगाचा ताण पाहिलास, की जडपणा कसा लिहायचा ते मी सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट गरुडपुराणातून घे, तुझ्या शेवटच्या प्रकरणांना लागेल. मेल्यावर दहा दिवस जे पिंड देतात त्यांतून प्रेताचं नवं शरीर घडतं, असं तिथं सांगितलंय. पहिल्या दिवशीच्या पिंडाने डोकं तयार होतं. मग रोज एकेक अवयव. आणि दहाव्या दिवशी भूक आणि तहान. विचार कर, सगळं अंग तयार झाल्यावर सगळ्यात शेवटी भूक. बेचिराख गावात पिंड द्यायलाच कोणी उरलं नव्हतं. मग ओसाड्यांची अंगं अर्धीच राहिली असतील. काहींची डोकी झाली, हात झाले नाहीत. आणि समजा कोणा नातलगाने परगावाहून येऊन घाईत फक्त शेवटचा एकच पिंड दिला असेल, तर? अंग नाही आणि भूक आहे, असा एक ओसाडा. तो माणसांवर का तुटून पडतो, हे आता मला कळतं. तो दुष्ट आहे म्हणून तू सांगितलंस तेव्हा कळलं नव्हतं.

दोन ठिकाणी मात्र हात जपून चालव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात हजारो माणसं मातीच्या आणि दगडाच्या भिंतींखाली गेली. तिकडची कितीतरी गावं नव्या जागी वसली आणि जुनी तशीच पडली. तुझी पडकी भिंत वाचून कोणाला आपलं घर आठवेल. म्हणून तुझं गाव का ओस पडलं ते स्पष्ट लिही, आणि ते कारण भूकंपाच्या जवळ जाणारं ठेवू नकोस. दुसरं भानामतीचं. आपल्याकडे अंगावर फुल्या उठल्या, कपडे पेटले की भानामती झाली म्हणून बोंब होते आणि कुणा एका बाईवर बोट ठेवलं जातं. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर व्रण उठतात, हे आपल्या प्रत्येक जुन्या घरात ठाऊक असतं. आणि भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं यासाठी २०१३ पासून राज्यात कायदा आहे. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात गावातल्या विधवेने ओसाड्यांना बोलावलं असं असेल, तर मी ते बदलायला सांगेन. पत्रात तू तसं लिहिलेलं नाहीस, पण हा प्रसंग पुष्कळांच्या हातून आपोआप लिहिला जातो. ओसाड्यांना यायला कारण हवंच असेल तर ते वाऱ्याला दे, मातीला दे.

माती म्हटल्यावर आपली काळी माती आठव. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि रानाला भेगा पडतात, एवढ्या की हातातली काठी आत सोडता येते. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते आणि भेगा मिटतात. वाऱ्याच्या जातीचे ओसाडे दिवसा कुठं राहत असतील, तर या भेगांत. म्हणजे त्यांचा काळ फाल्गुनापासून मृगापर्यंत. जून उजाडला की आभाळाकडे शेतकऱ्यांसारखे तेही बघत असणार, एक पाऊस यावा म्हणून आणि दुसरे तो येऊ नये म्हणून. आणि पाऊस लांबला, त्या सालची कादंबरी तू लिहितेयस.

वही उघड. जिथं 'भिंतीतून आरपार' आहे ते खोडून तिथं दाराची सांद आण, कुऱ्हाड राखेचा हात पूर्ण भरेपर्यंत भुईवरच राहू दे. मैत्रिणीला ती प्रकरणं पुन्हा वाचून दाखव, ती आता कुठं अडते ते मला कळव. आणि सुट्टीत गावी गेलीस की आजींना विचार, त्यांच्या लहानपणी वैशाखात भेगेत काठी सोडली तर किती हात आत जायची. ते माप तुला सातव्या प्रकरणात लागेल.